पहिले चार घास ठीक, मग जबडा भरून येतो

ओपीडी संपत आली होती, बाहेर अजून बरेच पेशंट आणि समोर ७४ वर्षांच्या आजी, तीन आठवडे डोकं दुखतंय म्हणून आलेल्या. बीपी ठीक, चष्मा नवा, मानेचा एक्सरे कुणीतरी आधीच काढलेला (या वयात कुणाचाही काढा, मणके झिजलेले दिसणारच, त्यामुळे त्या एक्सरेचा मला रागच आहे). खरं सांगते, मी पेनकिलर लिहायला घेतलीच होती.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, जेवण पण कमी झालंय, दातांच्या डॉक्टरांना दाखवलं तर दात ठीक आहेत म्हणाले. मी विचारलं, आजी, चावताना दुखतं का? "पहिले चार घास काही नाही गं, मग जबडा भरून येतो, जरा थांबलं की परत खाता येतं." पेन खाली ठेवलं. दात दुखत असता तर पहिल्याच घासाला कळलं असतं ना, हे तर चावून चावून स्नायूला रक्त कमी पडतंय.

मग विचारतच गेले. डोक्याला कंगवा लावला तरी कळ येते, सकाळी खांदे आखडतात. आणि नजर? "परवा एका डोळ्यापुढे पडदा आला होता, पाच मिनिटांत गेला, मोतीबिंदू असेल म्हणून बोलले नाही." माझ्या पोटात गोळाच आला. कानशिलावरची शीर दोरीसारखी कडक, ठोका जेमतेम लागत होता.

टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांना आलेली सूज. पन्नाशीच्या आत सहसा होत नाही, पण डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला की गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही आणि दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या केल्या, ईएसआर ९६ आला (बराच जास्त), सीआरपी पण वाढलेला. ज्युनिअर म्हणाला, मॅडम आधी बायोप्सी करूया ना, शिरेचा तुकडा काढून तपासूया, सूज उतरवायला स्टिरॉइड दिलं तर रिपोर्ट बिघडेल. अरे, स्टिरॉइड सुरू केल्यावर एक-दोन आठवडे तरी शिरेतले बदल दिसतात, डोळा तेवढा थांबणारे का? त्याच दिवशी ॲडमिट करून शिरेतून मिथाईलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू केलं.

दोन दिवसांत डोकं दुखायचं थांबलं. बायोप्सी मात्र निगेटिव्ह! सूज शिरेत सलग नसते, मधले तुकडे चांगले असतात, नेमका तसाच हाती लागला असणार. मुलगी म्हणे मग स्टिरॉइडच्या गोळ्या बंद करा, त्यांनी शुगर वाढलीये, त्यावरून आमची बरीच झकाझकी झाली, शुगरचं औषध वाढवलं पण स्टिरॉइड हळूहळूच कमी करणार म्हटलं. आजी मध्येच म्हणाल्या, "तुमचं चालू द्या, मी जेवून घेते."