आमची वाटचाल : फुटाण्याच्या ड्रमपासून कॉफीच्या रोस्टरपर्यंत

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत वडिलांनी वर्कशॉप टाकलं ते शेंगदाणे-फुटाणे भाजायचे ड्रम बनवायला. आजही पोट त्याच कामावर चालतं. कॉफी आमच्याकडे आली ती गिऱ्हाइकामुळे. विश्रामबागच्या एक बाई चिकमगळूरहून कच्च्या बिया आणून कढईत भाजायच्या. "दादा, वरून करपतात आणि आतून कच्च्याच राहतात. लहान ड्रम करून द्याल का?" एवढंच त्यांचं मागणं.

ड्रम आमच्या हातचा होता, कॉफी नवी होती. बी 200 अंशांच्या आसपास आली की लाह्यांसारखी तडतडते, तो पहिला क्रॅक. तिथून पुढे चव मिनिटामिनिटाला बदलते. साधारण 225 च्या सुमारास दुसरा क्रॅक, बारीक आवाजाचा, आणि मग बीवर तेल दिसू लागतं. गॅस बंद केला तरी बी अंगच्या उष्णतेनं भाजतच राहते, त्यामुळं चार-पाच मिनिटांत ती गार व्हायलाच हवी. आमच्या रोस्टरला जाळीचा ट्रे आणि खालून हवा ओढणारा पंखा आहे तो यासाठी. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा सेन्सर, तोही ड्रमच्या पत्र्याला लावत नाही, बियांच्या ढिगात बुडेल असा बसवतो. पत्र्याचं तापमान बघून कॉफी भाजता येत नाही.

घरासाठी मशीन बघायला येणारा पहिल्यांदा विचारतो, "किती किलोचं?" आम्ही उलट विचारतो, घरात रोज किती कप होतात? बहुतेक घरांना एका वेळी पाव किलो पुरे. भाजल्यावर त्याचे 210-215 ग्रॅम उरतात, आणि भाजलेली कॉफी महिनाभर ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला ताजी भाजलेली केव्हाही चांगली.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना धुराचं आणि उडणाऱ्या सालींचं आधीच सांगतो. गॅलरी किंवा एक्झॉस्ट नसेल, तर गरम हवेवर चालणारं लहान मशीन घ्या म्हणतो. ते आम्ही बनवत नाही, तरी सांगतो. त्यात बी एकसारखी भाजते, साली वेगळ्या डब्यात जमतात. पंख्याच्या आवाजात क्रॅक नीट ऐकू येत नाही, एवढंच. परदेशातून मागवणार असाल तर मशीन 110 व्होल्टचं नाही ना, ते आधी बघा.

ज्यांना आच आपल्या हातात हवी, त्यांनी ड्रमच घ्यावा. येताना स्वतःच्या बिया घेऊन या. तुमच्यासमोर भाजतो, मग ठरवा.