जपानमधले सायकलवाले एल्डर

टोकियोत निशिकासाईला किंवा योकोहामात नव्यानं राहायला आलेल्या मराठी माणसाला ही जोडी कधी ना कधी दिसतेच. विशीतली दोन पोरं, काळी पँट, पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, छातीवर काळी नावपट्टी आणि तोंडी फडाफडा जपानी. कुणी त्यांना इंग्रजी क्लासवाले समजतं, कुणी विमा एजंट. हे मॉर्मन प्रचारक. चर्चचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', मुख्यालय अमेरिकेत यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. २०१८ पासून 'मॉर्मन म्हणू नका' असं चर्चच सांगतंय, पण लोकांच्या तोंडी तेच बसलंय.

आपल्या मंडळींचे ठरलेले प्रश्न दोन: पगार किती आणि बायका किती? बहुपत्नीत्व चर्चनं १८९० मध्येच अधिकृतपणे सोडलं, आणि या मुलांना तर दोन वर्षं मैत्रिणीबरोबर सिनेमाला जायचीही मुभा नसते. पगार शून्य. उलट पैसे हेच भरतात. अमेरिकेतून येणाऱ्याला जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे २४ महिन्यांचे १२,००० डॉलर. टोकियोला पाठवलं काय नि ग्वाटेमालाला पाठवलं काय, आकडा तोच. महागड्या देशात गेलेल्याच्या घरावर जास्त भार पडू नये म्हणून सगळ्यांचा खर्च एकत्र करून वाटलेला असतो. घरभाडं, वीज, गॅस मिशनचं ऑफिस भागवतं. मुलाच्या कार्डावर दर महिन्याला किराणा आणि किरकोळ खर्चापुरती रक्कम जमा होते. ती तिसऱ्या आठवड्यात संपली की मग भात, अंडी आणि मोड आलेले मूग, जे जपानात सर्वांत स्वस्त मिळतात.

देश निवडता येत नाही. आधी स्थानिक बिशपची मुलाखत, डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी (त्रास देऊ शकतील अशा अक्कलदाढा आधीच काढून या, म्हणतात), मग अर्ज सॉल्ट लेकला जातो आणि तिथून नेमणुकीचं पत्र येतं. मुलांना १८ व्या वर्षी जाता येतं, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी जातात. त्यांचं किमान वय २०१२ मध्ये २१ वरून १९ झालं आणि २०२५ च्या अखेरीस १८. मुलाला 'एल्डर' आणि आडनाव, मुलीला 'सिस्टर' आणि आडनाव. जपानीत चोरो आणि शिमाई. दोन वर्षं पहिल्या नावानं हाक मारत नाहीत.

जपानी शिकायला यूटातल्या प्रोव्हो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात साधारण नऊ आठवडे मिळतात. २०२० पासून त्यातला सुरुवातीचा भाग घरी बसून ऑनलाइन होतो. नऊ आठवड्यांत प्रार्थना, साक्ष देणं आणि पहिले धडे जपानीत म्हणता येतात. भाषेची वाढ मात्र वाकडी होते. प्रायश्चित्त, पुनरुत्थान, बाप्तिस्मा हे शब्द पाठ, पण दवाखान्यात गेल्यावर 'डावीकडची मागची दाढ ठणकतेय' म्हणता येत नाही. ही उणीव भरून काढायला इथे उतरल्यावर पहिले बारा आठवडे जुन्या, मुरलेल्या एल्डरच्या हाताखाली ठेवतात.

खरा कस प्रवचनात लागत नाही, बिऱ्हाड चालवण्यात लागतो. नियमांचं मूळ एकच: जोडीदाराला (जपानीत दोर्यो) नजरेआड होऊ द्यायचं नाही. एकाच खोलीत झोपायचं, अंथरूणं वेगळी. एकटेपणा मिळतो तो फक्त न्हाणीघरात. जोडीदार निवडायचा हक्क नाही, आणि दर सहा आठवड्यांनी 'ट्रान्सफर' नावाचा फेरबदल होतो. एखादा चार-पाच महिने एकाच गावी राहतो, एखादा सहा आठवड्यांत उचलला जातो. भांडणं धर्मावरून कधीच होत नाहीत. होतात ती भांडी कोणी घासायची, गजर बंद करून कोण झोपलं, आणि एकाला सव्वादहालाच बाहेर पडायची घाई तर दुसऱ्याला मोज्यांची जोडी सापडत नाही, यावरून. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांच्या तक्रारी बोलून टाकायची बैठक वेळापत्रकातच घातलेली आहे. ज्यानं कोणी ती घातली त्याला वसतिगृहाचा अनुभव असणार.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, एकट्यानं अभ्यास, जोडीनं अभ्यास, भाषेचा अभ्यास आणि मग बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून देशाप्रमाणे वेळा थोड्या पुढेमागे करायची सूट आहे.

घर म्हणजे जुनी भाड्याची खोली, तातामीच्या चटया आणि फुतोन, म्हणजे जमिनीवर घालायची गादी. इथे पहिली गफलत होते. अमेरिकन पोरगा गादी पलंगासारखी कायम पसरून ठेवतो. जून-जुलैच्या पावसाळी हवेत अंगाचा घाम गादीतून खाली उतरतो, चटईत अडकतो आणि दोन आठवड्यांत गादीखाली हिरवट-काळी बुरशी धरते. चटई बदलायचा खर्च मग घर सोडताना निघतो. सकाळी उठल्याउठल्या गादी घडी करून कपाटात टाकायची किंवा निदान भिंतीला उभी करायची, ऊन असेल तेव्हा बाल्कनीच्या कठड्यावर वाळवायची. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना मध्येच पाऊस आला तर गादी आत घ्यायला कोणी नसतं, त्यामुळे हे वाळवणं सोमवारीच, त्यांच्या सुट्टीच्या वारी, जमतं. कचऱ्याचंही तसंच. जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, कागद यांचे वार प्रत्येक नगरपालिकेत वेगळे. गाव बदललं की वेळापत्रक नवं, आणि चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून तिथेच राहते.

सायकल हा स्वतंत्र विषय आहे. हेल्मेट चर्चचा नियम, बाकी नियम जपानचे: डावीकडून चालवा, दोघांनी शेजारी-शेजारी चालवू नका, छत्री धरून चालवू नका, रात्री दिवा लावा. त्यामुळे पावसात छत्रीऐवजी रेनसूट, आणि दफ्तरावर वेगळं कव्हर, नाहीतर पुस्तकांचा लगदा. सायकली बहुधा आधीच्या एल्डरकडून वारशानं येतात. प्रत्येक सायकलची चोरी-प्रतिबंधक नोंदणी असते, फ्रेमवर नंबराचा स्टिकर असतो. रात्री पोलिसानं थांबवून नंबर तपासला आणि नोंद दोन वर्षांपूर्वी ओहायोला परत गेलेल्या माणसाच्या नावावर निघाली, तर अर्धा-पाऊण तास खुलाशात जातो. सायकल देणाऱ्यानं हस्तांतराची चिठ्ठी लिहून द्यायची आणि घेणाऱ्यानं दुकानात जाऊन नोंद आपल्या नावावर करून घ्यायची; काम छोटं, पण जाण्याच्या धांदलीत हमखास राहतं.

कपड्यांत सगळ्यांत आधी पँट जाते. रोज तासन्‌तास सीटवर घासून आसनाशी कापड विरतं आणि एखाद्या चढावर उभं राहून पेडल मारताना टर्रकन फाटतं. म्हणून सूट घेतानाच दोन पँटवाला घ्यावा. जपानी दुकानांत असे सूट सर्रास मिळतात. नव्या पँटला शिंप्याकडून आसनाला आतून जाड कापड लावून घेतलं तर ती दुप्पट टिकते. उजवा पायचा साखळीत अडकतो, त्याला वेल्क्रोचा पट्टा. उन्हाळ्यात काही भागांत टायशिवाय आणि साध्या निळ्या शर्टातही फिरायची परवानगी आहे, ती २०२० पासून. मुलींना पँट घालायची परवानगी २०१८ च्या शेवटी मिळाली. सायकलवर स्कर्ट सावरत फिरलेल्या आधीच्या पिढ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

ट्रान्सफरचा निरोप आला की दोन सुटकेस ताक्युबिन कुरिअरनं पुढे पाठवायच्या आणि पाठीवर दफ्तर टाकून ट्रेन पकडायची. मग सरकारी सोपस्कार. ही मुलं 'धार्मिक कार्य' या प्रकारच्या व्हिसावर असतात. रहिवासी कार्ड कायम खिशात लागतं, आणि पत्ता बदलल्यावर १४ दिवसांत नव्या नगरपालिकेत नोंद करावी लागते, त्याआधी जुन्या गावाहून बाहेर पडल्याचा दाखला. आपण हे दोन-तीन वर्षांत एकदा करतो आणि वैतागतो. यांची मुदत संपेपर्यंत कार्डाची मागची बाजू पत्त्यांनी भरून जाते.

आता मुख्य काम, म्हणजे लोकांशी बोलणं. जपानात ते फार जड जातं. नव्या इमारतींना खालीच ऑटोलॉक दार. आत शिरताच येत नाही. इंटरकॉमवर कॅमेऱ्यात टाय दिसला की 'केक्को देस', म्हणजे 'नको'. तेही फार नम्रपणे, त्यामुळे नवख्याला वाटतं की पुन्हा यावं. १९९५ च्या मार्चमध्ये ओम शिनरिक्यो पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला, तेव्हापासून अनोळखी पंथाच्या माणसाला लोक दारात उभं करत नाहीत. जुलै २०२२ मध्ये शिन्झो आबे यांची हत्या झाली, मारेकऱ्याचा राग युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथानं त्याच्या आईकडून उकळलेल्या देणग्यांवर होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा आला. मॉर्मन पंथात उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा असतो. तो धडा शिकवायची वेळ आली की समोरच्याच्या चेहऱ्यावर सावली येतेच.

म्हणून दारं ठोठावण्यापेक्षा फुकटचा इंग्रजी संभाषण वर्ग जास्त चालतो. चर्चमध्ये आठवड्यातून एकदा, साधारण तासभर इंग्रजी, मागाहून छोटा धार्मिक विचार. तो ऐकायची सक्ती नाही. येणाऱ्यांत निवृत्त आजी-आजोबा भरपूर. इंग्रजीसाठी दहा-दहा वर्षं येतात, बाप्तिस्मा घेत नाहीत, आणि जाताना संत्री देऊन जातात. घाईनं आकडे वाढवण्याचा प्रयोगही इथे होऊन गेलाय: १९८० च्या आसपास टोकियोत तरुणांना रस्त्यात गाठून झटपट बाप्तिस्मे झाले, त्यातले बहुतेक पुन्हा फिरकले नाहीत. आज नोंदीत जपानमध्ये सुमारे १ लाख ३० हजार सदस्य आहेत. रविवारी बाकांवर त्याहून कितीतरी कमी.

पहिली तुकडी १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला उतरली होती, चौघांची. त्यातला अल्मा टेलर हा १९ वर्षांचा मुलगा १९१० पर्यंत राहिला आणि त्याच्याच अनुवादानं १९०९ मध्ये त्यांचं धर्मपुस्तक जपानीत निघालं. आणि हो, आपल्याकडे ही मंडळी त्याहून अर्धशतक आधी पोचली होती: १८५२ मध्ये ह्यू फिंडले मुंबईत उतरला, पुढे पुण्यातही त्यानं खटपट केली. ते मूळ धरलं नाही. भारतात चर्चचा जोर आज हैदराबाद-बेंगळुरूकडे आहे.

घरची आठवण हा मोठा शत्रू. पूर्वी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्याला एक व्हिडिओ कॉल चालतो. सुट्टीचा वार सोमवार; जपानात सोमवारी सकाळी नऊ वाजता यूटात उन्हाळ्यात रविवारचे संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात पाच. सगळं घर टेबलाशी जमलेलं सापडतं. त्याच सोमवारी कपडे, किराणा, केस कापणं, एखादा किल्ला बघणं, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा कामावर. काही जण मुदतीआधी परततात, बहुधा तब्येतीमुळे किंवा मन खचल्यामुळे. दोन वर्षं पुरी करणाऱ्याला गावात जो मान मिळतो, त्याची दुसरी बाजू या परतणाऱ्यांना सोसावी लागते, आणि ती चर्चच्या माहितीपत्रकात नसते.

तुम्ही त्यांना घरी जेवायला बोलावणार असाल, तर काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. चहा-कॉफी चालत नाही, म्हणजे ग्रीन टी, होजिचा, उलाँग आणि आपला आल्याचा चहाही नाही. मद्य आणि तंबाखू तर नाहीच. मुगिचा हा भाजलेल्या जवाचा असतो, तो चालतो. ताक, कोकम सरबत आनंदानं पितात. आधण ठेवायच्या आधी विचारा, म्हणजे दोन्ही बाजूंची पंचाईत टळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवण नाही आणि पाणीही नाही. तो दिवस टाळा. घरात बाई एकटीच असेल तर एल्डर उंबरठा ओलांडत नाहीत. तुमचं बाळ कौतुकानं पुढे केलंत तर हसतील, पण कडेवर घ्यायला कचरतील. तो शिष्टपणा नाही, लहान मुलांपासून अंतर ठेवायची शिकवण आहे. सामान हलवायला, होक्काइदोत बर्फ उपसायला हक्कानं बोलवा, फुकट येतात आणि मन लावून करतात.

धर्मात रस नसेल तर तसं पहिल्याच भेटीत सांगा, आणि नुसतं 'सध्या वेळ नाही' म्हणू नका. भेटलेल्यांची नावं, पत्ते, काय बोलणं झालं, हे सगळं त्यांच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये नोंदलेलं असतं. एल्डर बदलतात, यादी तिथेच राहते, आणि नवी जोडी आली की जुनी नावं चाळायला बसते. 'पुन्हा संपर्क नको' अशी नोंद करायला सांगितलं की करतात. इंग्रजी वर्गाला त्यानंतरही जाता येतं.