क्लच पेडलची कुईकुई आणि तिचा माग

क्लच दाबला की कुई, सोडला की टक्. गाडीला बाकी काही झालं नव्हतं, गिअर नीट पडत होते, पेडल जड नव्हतं, क्लच स्लिपही होत नव्हता, पण ट्रॅफिकमध्ये सारखी ती कुई ऐकून डोकं उठायला लागलं. त्यात शेजारी बसणारा प्रत्येक जण फुकटात निदान करणार, एकाच्या मते क्लच प्लेट गेली, दुसऱ्याच्या मते बेअरिंग. आता क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं आलं, आणि आवाज पेडलपाशीच होत असेल तर एवढा सगळा खटाटोप करून गाडी परत जोडल्यावरही कुई तशीच.

म्हणून काहीही खोलायच्या आधी एकच गोष्ट बघायची, इंजिन बंद असताना आवाज येतो का. सपाट जागी गाडी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, काचा वर, आणि पेडल हाताने दाबायचं. हाताने म्हणतोय कारण पायाने दाबताना बूट पेडलच्या रबरावर घासतो, मॅट सरकते, आणि जोर लावताना आपण पाठ मागे रेटतो तेव्हा सीटसुद्धा कुरकुरते. सीटचा आवाज क्लचच्या नावावर खपणं तर अगदी कॉमन आहे. मॅट काढूनच टाका, तिच्याबद्दल पुढे सांगतोच.

इंजिन बंद असूनही आवाज येत असेल तर निम्मं काम झालं, कारण फिरणारा एकही पार्ट त्यात नाही. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) फिरत नाहीये, गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत नाहीये, मग आवाज पेडलबरोबर जे जे हलतं त्यातूनच येणार. म्हणजे पेडल ज्यावर झुलतं तो पिव्होट आणि त्याचे बुश (त्याभोवतीच्या गोल कड्या), स्प्रिंग, पुशरॉडची (पेडलचा जोर पुढे ढकलणाऱ्या दांडीची) पिन किंवा केबलचा हूक, आणि बॉनेटच्या बाजूला केबल नाहीतर सिलेंडर आणि शेवटी क्लचचा फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंगला ढकलणारा काटा.

याउलट आवाज फक्त इंजिन चालू असताना येत असेल तर पेडलच्या वाटेला जाऊच नका. न्यूट्रलमध्ये पेडलवरून पाय काढलेला असताना घरघर येते आणि पेडल पूर्ण दाबलं की थांबते, असं असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण पेडल दाबलं की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलटं असेल, म्हणजे दाबल्यावर घरघर किंवा किर्रर सुरू होते आणि सोडल्यावर जाते, तर रिलीज बेअरिंग. आवाज कधी येतो हे आवाज कसा येतो यापेक्षा जास्त कामाचं, कारण कुई, चीं, किर्र ही वर्णनं प्रत्येकाची वेगळी.

माझ्या गाडीत इंजिन बंद ठेवूनही कुई येत होती. मग एकाला सीटवर बसवून पेडल सावकाश दाबायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली डोकं घातलं. ही पोझिशन भयंकर आहे, पाठ दरवाजाच्या उंबऱ्यावर, मान वाकडी, टॉर्च दातात. वर वायरिंग असतं ते ओढाताण न करता बाजूला ठेवायचं, आणि त्यातले पिवळे कनेक्टर तर अजिबात हलवायचे नाहीत, ते बहुतेक करून एअरबॅगचे असतात.

इथे एक गोची होते. कानाला वाटतं आवाज फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, येतोय, कारण पेडलचं ब्रॅकेट त्याच पत्र्याला बोल्ट केलेलं असतं आणि अख्खा पत्रा वाजतो. म्हणून कानापेक्षा बोटांवर विश्वास ठेवायचा. पेडल हलत असताना एकेका पार्टला बोट लावत जायचं, जिथे घासतंय तिथे बारीक थरथर बोटाला लगेच कळते. फक्त स्प्रिंगच्या वेटोळ्यात किंवा पेडल आणि ब्रॅकेटच्या फटीत बोट घालू नका, दाबणाऱ्याला तुमचं बोट दिसत नसतं. मी पिव्होटच्या टोकाला बोट लावलं, थोडी थरथर. पुशरॉडच्या पिनला लावलं, काही नाही. स्प्रिंगच्या टोकापाशी लावलं आणि कुईचा सूरच बदलला, मुंगी चावल्यासारखं बोटाला जाणवलं.

ही स्प्रिंग कशी काम करते ते माहीत असेल तर शोध सोपा होतो. बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलला एक मदतीची स्प्रिंग असते. पेडल वर असताना ती त्याला वरच धरून ठेवते, पण पेडल साधारण मध्यावर आलं की तिचा रोख पालटतो आणि तिथून पुढे ती पायाच्या बाजूने जोर लावते, म्हणून क्लच हलका वाटतो. या पालटण्यात तिची दोन्ही टोकं आपापल्या खोबणीत फिरतात. आता ती खोबण असते प्लॅस्टिकची, आतलं ग्रीस सुकलं की तार प्लॅस्टिकवर कोरडी घासते. त्यामुळे कुई पेडलच्या पूर्ण प्रवासात न येता बरोब्बर मध्येच येत असेल तर पहिला संशय स्प्रिंगवर. पिव्होटचा बुश वाजत असेल तर तो सहसा खालपासून वरपर्यंत कुरकुरतो, आणि पेडल डावी-उजवीकडे हलवून बघितलं तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो. ब्रेक पेडल शेजारीच आहे, त्याच्याशी तुलना करून बघा, लगेच कळेल किती जास्त हलतंय ते.

खात्री करायला पातळ स्प्रेची बारीक नळी लावून फक्त स्प्रिंगच्या एका टोकावर एक टिपूस मारला, पेडल काही वेळा दाबलं, कुई अर्धी झाली. दुसऱ्या टोकावर मारला, गेलीच. इथेच खूप जण थांबतात आणि झालं काम म्हणून मोकळे होतात. पण डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे काही पेडलला पुरणारं वंगण नाही, त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि उरलंसुरलं ग्रीससुद्धा तो धुऊन नेतो. थोड्या दिवसांनी कुई परत, आणि कधी कधी आधीपेक्षा मोठी. माझ्या मते स्प्रे हे निदानाचं हत्यार आहे, एका वेळी एकच जागा ओली करायची आणि ऐकायचं. सगळीकडे फवारा मारलात तर आवाज जाईल पण कशामुळे गेला ते कधीच कळणार नाही.

स्प्रिंग काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ती ताणलेली असते आणि सुटली तर चेहऱ्याच्याच दिशेने सुटते, कारण चेहरा तिथेच असतो. पक्कडीने टोक नीट धरून हळू सोडवली. खोबणीत बघितलं तर जुनं ग्रीस तपकिरी मेणासारखं घट्ट झालेलं आणि त्यात काळी चकचकीत पूड, एका प्लॅस्टिकच्या बुशचं भोक गोल न राहता लांबट झालेलं. हा नुसता ग्रीस लावून भागणारा प्रकार नव्हता, बुश बदलावाच लागला. नवा बुश बसवायच्या आधी तारेचं टोक फडक्याने पुसलं आणि बारीक पॉलिश पेपर फिरवला, कारण तारेवर खरखरीतपणा राहिला तर नवा बुशही तसाच खाल्ला जाणार.

ग्रीस कुठलं, यावरून लोक भांडतात. मी साधा हिशोब ठेवतो: प्लॅस्टिक किंवा रबर आहे तिथे सिलिकॉन ग्रीस, धातूवर धातू आहे तिथे पांढरं लिथियम ग्रीस. आणि थोडंच लावायचं, जास्तीचं ग्रीस उष्णतेने खाली उतरतं आणि पेडलच्या रबरावर आलं तर पाय घसरतो, तेही शेजारी ब्रेक असताना. काम झाल्यावर दोन्ही पेडलची रबरं कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

आता टक्. त्याचं उत्तर मॅटखाली मिळालं. मॅट उचलली तर खाली कडक झालेल्या रबराचे चार-दोन तुकडे पडलेले, हरभऱ्याच्या सालासारखे. पेडल सोडल्यावर वर जाऊन जिथे टेकतं तिथे एक छोटं स्टॉपर असतं, उन्हाने आणि वयाने त्याचा भुगा होतो आणि मग पेडलचा पत्रा थेट ब्रॅकेटवर नाहीतर पेडल दाबलंय का ते गाडीला कळवणाऱ्या स्विचवर आपटतो. क्रूझ कंट्रोल असलेल्या काही गाड्यांत हेच स्टॉपर पडलं की स्विचची कांडी पेडलच्या भोकातून आरपार जाते आणि क्रूझ लागतच नाही, मग लोक वायरिंग तपासत बसतात. स्टॉपर दाबून बसवायचं असतं, हात पोचला तर क्षणाचं काम, पण हात पोचणं हेच खरं काम.

पेडलपाशी सगळं गप्प असेल आणि तरी इंजिन बंद असताना आवाज येत असेल तर बॉनेट उघडा. केबलवाली गाडी असेल तर केबल कुठे तीव्र वळलीय का, फायरवॉलच्या रबरातून सरळ जातेय का, टोकाला तारा तुटून पिंजारल्यात का ते बघा. तारा तुटल्या असतील तर तेलाचा विचारही नको, केबल बदला, नाहीतर ती भर रस्त्यात तुटेल. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतू नये, धूळ धरून ती उलट जड होते. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ब्रेक फ्लुइडच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर पुशरॉड जिथे मास्टर सिलेंडरमध्ये शिरतो तिथल्या रबरी टोपीखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर आतलं सील गेलंय, तिथे दुरुस्ती एकच, सिलेंडर किंवा सील किट. कोरडं असेल पण सावकाश दाबताना ओल्या रबरासारखं चिरकत असेल तरी साधं ग्रीस किंवा स्प्रे तिथे अजिबात मारू नका, ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेली रबरं खनिज तेलाने फुगतात. फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग जातो, तेही लक्षात असू द्या.

आणि फोर्क. तो गिअरबॉक्सच्या घंटीत (क्लचवरच्या घंटेसारख्या झाकणात) एका गोल टेकूवर डुलतो, तिथलं ग्रीस सुकलं की इंजिन बंद असतानाही चरचर येते, पण आवाज गाडीच्या आतपेक्षा बाहेर जास्त ऐकू येतो. बाहेरून फटीतून स्प्रे मारायचा मोह होतो, तो आवरायचा. तेल क्लच प्लेटवर उडालं तर क्लच थरथरायला आणि स्लिप व्हायला लागतो, म्हणजे फुकटच्या आवाजापायी गिअरबॉक्स उतरवणं नशिबी. नुसती चरचर असेल आणि पेडल जड नसेल तर मी ती क्लचचं काम निघेपर्यंत तशीच चालू देतो. तेव्हा गिअरबॉक्स खाली असतोच, टेकूला ग्रीस आणि नवं रिलीज बेअरिंग त्याच खोलण्यात होऊन जातं.

सगळं जोडल्यावर गाडी लगेच बाहेर काढू नका. पेडलला सुरुवातीला किती मोकळा खेळ आहे तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून बघा, खेळ शून्य झाला असेल तर रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि क्लच अर्धवट सुटलेला राहू शकतो. पेडल दाबल्यावर गाडी स्टार्ट होतेय ना बघा, स्विच हलला असेल तर होणार नाही. ब्रेक पेडल पण दाबून बघा, बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल एकाच ब्रॅकेटवर असतात आणि आपण तासभर तिथेच कोपर टेकवून पडलेलो असतो.