पोळ्याच्या तारखेचा घोळ

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याकडची चार गावं घरोघरच्या नोंदींसाठी माझ्याकडे होती. काम ऐकायला सोपं. या गावांतली एकही गरोदर बाई वहीतून सुटायची नाही. बाळंत झाली की ४८ तासांच्या आत बाळाचं वजन, आणि ४२व्या दिवशी पुन्हा घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस.

ट्रेनिंगमध्ये मी विचारलंच, दवाखान्यात सगळं लिहिलेलं असतं, मग दारोदार कायले फिरायचं? उत्तर मिळालं की दवाखान्याच्या रजिस्टरात दवाखान्यापर्यंत पोचलेलीच बाळं असतात. घरी किंवा वाटेत गेलेलं बाळ तिथं कोण लिहील? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचे मृत्यू मोजले, गावातल्याच बायांना बाळ सांभाळायचं शिकवलं, आणि १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोजलं नसतं तर घटलं हे कळलं कसं असतं?

माझं घोडं अडलं ते शेवटच्या पाळीच्या तारखेवर. गरोदरपणाचे आठवडे तिथूनच मोजायचे. तारीख कुणी सांगत नाही, सण सांगतात. एक सूनबाई म्हणाली, “पोळ्याच्या दिवशीच आली नं ताई. बैलाले ओवाळता नाही आलं, सासूनं ओवाळलं, म्हणून ध्यानात हाये.” याहून पक्का पुरावा कोणता हवा? मी फाइलच्या मागं चिकटवलेली सणांची यादी पाहिली, ऑगस्टच्या शेवटाची तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेले.

यादी मागच्या वर्षीची होती. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि पोळा १४ सप्टेंबरला गेला.

बाळ झालं २० मे २०२४ला. वजन २ किलो १८० ग्रॅम. माझ्या तारखेनं ३८ आठवडे भरत होते, म्हणजे दिवस भरलेलं पण पोटात कमी वाढलेलं बाळ. खऱ्या तारखेनं ३५ आठवडे ४ दिवस, म्हणजे ३७च्या आतलं, दिवस न भरता आलेलं. वजन तेच, बाळ तेच, पण दुखणं वेगळं. एकात आईच्या खाण्यापिण्याकडे, बीपीकडे बघायचं, दुसऱ्यात कळा लवकर का आल्या ते शोधायचं. सुपरवायझरनं फोनवर एवढंच विचारलं, “पोळा कधी होता हो, ताई?”

बाळंतीण तोवर माहेरी, भंडाऱ्याला. एसटीनं गेले. तिच्या आईनं रेशनकार्डाच्या पिशवीतून नवव्या आठवड्याची सोनोग्राफी काढून दिली. ती पोळ्याशी बरोबर जुळली. चूक तिच्या आठवणीत नव्हतीच. मग गणपती, दसरा, दिवाळी लिहिलेले आणखी अकरा फॉर्म उपसले. अधिक महिन्यानं तेही सगळे सण पुढं ढकलले होते. अकरा घरी पुन्हा तोच प्रश्न. एक आजी म्हणाली, “त्या दिवशी सांगतलं होतं नं बापा!”

तेव्हापासून लिहिलेल्यापेक्षा सांगितलेल्यावर माझा जीव जास्त. वजनाच्या रकान्यात नेमकं २५०० दिसलं की शंका येते. त्याच्या खालचं बाळ कमी वजनाचं ठरतं ना, म्हणून की काय, काटा बरोबर तिथंच थांबतो.

पावसाळ्यात एका घरी गेले. कागदावर लिहिलेलं, बाळ मृत जन्मलं. तरी विचारावं लागतं, रडलं होतं का, जिवाची काही खूण दिसली का? हे विचारताना आजही माझी मान वर होत नाही. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिची आई बाजूला तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “रडलं नाही. पण हात हालवला त्यानं. मी पाह्यला. दोनदा.”

मी मृतजन्मापुढची खूण खोडली आणि जिवंत जन्माच्या चौकटीत केली.