आधी दात मोज: जीपचा मागचा एक्सल शोधताना

वडिलांची महिंद्रा सीजे-३बी, उंच बॉनेटची, पेट्रोल हरिकेन इंजिनाची, ६ वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. ती पुन्हा बांधायला घेतली आणि मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेचक्रांच्या गोळ्याचं) झाकण उघडल्यावर पोटात कालवलं. ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायची वाट, चिखलाने बुजला होता. आतली गरम हवा बाहेर पडेना, तेव्हा तिने आतलं ऑइल सीलमधून ब्रेक ड्रममध्ये ढकललं. ऑइल कमी पडून पिनियनचं (शाफ्टकडच्या लहान दातेचक्राचं) बेअरिंग जळालं, क्राऊनचे (त्याला लागणाऱ्या मोठ्या चक्राचे) दात झिजले आणि हाऊसिंगमधली बेअरिंग बसायची जागाच ढिली झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकाने त्या जागेत बुश (धातूचं कडं) मारून देण्याची तयारी दाखवली. पण पिनियन केसभर जरी तिरका बसला तरी नवे दात तसेच जाणार. म्हणून दुसरा एक्सल शोधायचं ठरवलं.

पहिला मिळाला तो नंतरच्या मॉडेलचा. दणकट आणि स्वस्त. पण त्याचं डिफरन्शियल मधोमध होतं. सीजे-३बीमध्ये ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर पाठवणाऱ्या पेटीतून) मागचा शाफ्ट उजव्या अंगाला निघतो, म्हणून डिफरन्शियलही उजवीकडे सरकलेलं असतं. मधल्याला जोडायचं तर शाफ्ट तिरका जाणार आणि जॉइंट लवकर खलास होणार. तो सोडला.

दुसरा कुर्ल्याच्या भंगारात सापडला. बाहेरून हुबेहूब माझ्या एक्सलसारखा, रंगसुद्धा नवा. मी पैसे काढणार, तेवढ्यात गावाकडच्या मिस्त्रीकाकांचा फोन आला. म्हणाले, "रंग काय बघतोस, आधी दात मोज."

झाकण न उघडताही मोजता येतं. एका बाजूचं हब (चाक ज्यावर बसतं ते) घट्ट अडकवायचं, दुसरं बरोबर २ फेरे फिरवायचं आणि पिनियनचा कपलिंग किती वेळा फिरतो ते खडूची खूण करून बघायचं. माझ्या जुन्या क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. म्हणजे ५ फेरे पुरे होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. इथे ५ फेरेही भरेनात. ३९ आणि ८ चा सेट निघाला.

जोर फक्त मागच्या चाकांना लागत असता तर चाललंही असतं. पण फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. पुढच्या-मागच्या दातांच्या गुणोत्तरात १० टक्क्यांचा फरक म्हणजे पुढची चाकं एका वेगाने फिरणार, मागची दुसऱ्या. चिखलात टायर घसरून निभावतं. कोरड्या रस्त्यावर टायर घासतात नाहीतर काहीतरी तुटतं. आमची जीप पावसाळ्यात गगनबावड्याकडे फोर-व्हीलमध्येच चढायची. तो एक्सल घेतला असता तर मी गाडीची अर्धी ताकदच काढून घेतली असती.

तिसरा सांगलीजवळ एका शेतात मिळाला. गंजलेला, एका बाजूचा ड्रम फुटलेला. खडूची खूण केली: ५ फेरे, आणि तिसऱ्या हिश्शाच्या थोडं पुढे. मी दोनदा मोजलं.

हब शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या भागावर) बसतं, ते काढायला पुलर लागला. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू द्यायचा नाही, हा काकांचा दंडक. बेअरिंग, सील सगळं नवं घातलं. दातांना निळा रंग लावून फिरवलं तेव्हा ठसा टोकाकडे पडला. शिम (पातळ चकत्या) बदलत बदलत तो दाताच्या मध्यावर आणायला दीड दिवस गेला. मग स्प्रिंगच्या पाट्यांवर एक्सल चढवून यू-बोल्ट आवळले आणि ९० नंबरचं ऑइल भरलं. ब्रीदर मात्र मी स्वतः बसवला, फुंकर मारून हवा जाते ना ते बघून.