मुरादचा रुपया

नाण्यांचं मूल्यांकन करायला घरी बोलावतात तेव्हा डब्यातून काय निघणार हे साधारण ठरलेलं असतं. राणीछाप रुपये, पंचम जॉर्ज, थोडे निजामाचे, एखाद-दुसरी झिजलेली शिवराई. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या घरी ट्रे उघडला आणि पहिल्याच ओळीत गौतमीपुत्र सातकर्णीशेजारी मुहम्मद घोरी. खाली शेरशहा, नादिरशहा, आणि अगदी कोपऱ्यात मुरादबक्ष.

ही नाणी जमवणारे त्या घरचे काका मागच्या वर्षी गेले. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, छंद हा एकच. घराण्यांप्रमाणे नाणी लावणारे पुष्कळ भेटतात. काकांनी फक्त दुसऱ्याचं राज्य जिंकणाऱ्यांची किंवा गादी बळकावणाऱ्यांची नाणी जमवली होती. आता वाटणीसाठी काकूंना आकडा हवा होता. मुलगी खारघरला राहते. मुलगा न्यू जर्सीहून आलेला, परतीचं तिकीट काढलेलं.

"मॅडम, बाकीचं राहू द्या, आधी मुरादचं सांगा," तो बसल्या बसल्याच म्हणाला. बाबांनी त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

मुराद म्हणजे शहाजहानचा धाकटा मुलगा, गुजरातचा सुभेदार. 1657 मध्ये बाप आजारी पडल्याची बातमी आली, तसं याने अहमदाबादेत स्वतःला बादशहा जाहीर केलं. खुतबा, म्हणजे मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन, आपल्या नावाने, नाणं आपल्या नावाने. सुरत, अहमदाबाद, खंबायत या टाकसाळींतून त्याचे रुपये पडले. 1658 च्या जूनमध्ये औरंगजेबाने मथुरेजवळ त्याला कैद केलं आणि 1661 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारलं. बादशाही जेमतेम काही महिन्यांची, म्हणून नाणी थोडी, म्हणून भाव चढा. औरंगजेबाने पुढे जवळपास पन्नास वर्षं राज्य केलं, त्याचे रुपये ढिगाने मिळतात. आमच्या बाजारात हरलेला महाग आणि जिंकलेला स्वस्त. नवख्या गिऱ्हाइकाला हे पटवताना माझी अर्धी दुपार जाते.

महागाचं नाणं मी मुद्दाम शेवटी घेते. तो आकडा एकदा कानावर पडला की घरचे पुढचं काही ऐकत नाहीत.

म्हणून आधी सातकर्णीचं. चांदीचं, नखाएवढं. मुलगा म्हणाला, "हे तर खराब आहे, छाप धड नाही." त्याच्या हातात भिंग दिलं आणि नाणं थोडं तिरकं धरायला सांगितलं. वर तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, कडेने ब्राह्मी अक्षरं. त्या डोंगराच्या आडून एक नाक बाहेर आलेलं दिसतं, त्याखाली ओठ. तो नहपान, क्षहरात घराण्यातला शक राजा, म्हणजे क्षत्रप. त्याला हरवल्यावर गौतमीपुत्राने त्याची नाणी वितळवत न बसता तशीच घेऊन वर आपला ठसा मारला. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांतली नऊ हजारांहून जास्त अशी दुहेरी छापाची होती. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखालस संपवला, असं गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवलं आहे. तो लेख वाचायला लेण्यात जावं लागतं. हे नाणं मात्र बाजारात हातोहात फिरलं.

"मग याचे किती?" मुलीने विचारलं.

मी काही हजारांतला आकडा सांगितला. तिचा चेहरा उतरला. पण एवढी नाणी एकदम सापडली की भाव असाच राहणार. इतिहास मोठा आहे म्हणून गिऱ्हाईक पैसे जास्त देत नाही.

घोरीचं नाणं सोन्याचं. एका बाजूला मांडी घालून बसलेली लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला नागरीत त्याचं नाव. कनौजच्या गाहडवालांची हीच छाप चालत होती. 1194 मध्ये त्याने त्यांचं राज्य जिंकलं, पण सावकाराच्या ओळखीची देवी नाण्यावरून हलवली नाही. मला स्वतःला विजेत्यांचं हे भित्रेपण फार आवडतं. ईस्ट इंडिया कंपनीने तर कमालच केली. बंगाल हातात आल्यावरही रुपयावर मुघल बादशहा शाहआलमचं नाव. तो 1806 मध्ये वारला, तरी त्याच्या नावाने नाणी पडतच राहिली. स्वतःच्या राजाचं डोकं रुपयावर चढवायला कंपनीला 1835 उजाडावं लागलं.

नादिरशहाने दिल्लीत तसला संकोच केला नाही, नाणं थेट आपल्या नावाने पाडलं. सन 1739. "म्हणजे चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेच साल," काकू आतून म्हणाल्या. मी पाहतच राहिले. "अगं, चाळीस वर्षं दुसरं ऐकलंय काय मी या घरात!"

शेरशहाचा रुपया आरशासारखा चकचकीत निघाला. दिवाळीत चांदीच्या भांड्यांबरोबर काकूंनी तोही दंतमंजनाने घासला होता. वजन बरोबर साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, पण साडेचारशे वर्षांचा काळपटपणा गेला आणि त्याबरोबर किंमतही निम्मी गेली. काकूंना हे कसं सांगावं ते सुचेना, म्हणून अहवालात फक्त "घासलेले" असं लिहिलं.

मग मुराद. काट्यावर 10.7 ग्रॅम. झिजलेल्या रुपयाचं वजन उतरतं, पण हा झिजलेला नव्हता. भिंगाखाली अक्षरांच्या मधल्या सपाट जागेत आंबोळीला पडते तशी बारीक जाळी, म्हणजे ठशाने न ठोकता साच्यात ओतल्याचा संशय. तेवढ्यावर मी निकाल देत नाही. निकाल दिला तो सराफाच्या खुणेने. जुन्या काळी रुपया हाताखालून गेला की सराफ चांदी पारखायला छोटी छिन्नी ठोकायचा. खऱ्या नाण्यावर ती खूण नंतर पडते. अक्षराला कापत जाते, तिच्या कडा धारदार राहतात आणि चांदी बाजूला किंचित सरकलेली दिसते. इथे खुणेच्या कडा अक्षरांइतक्याच मऊ, गोलसर. म्हणजे ठोकलेली नव्हती, साच्यातूनच आली होती. कोणीतरी खऱ्या नाण्याचा साचा घेतला आणि त्यावरची सराफाची खूणही त्यात उतरली. शेरशहाचा रुपया खोटा पाडून मजुरी सुटत नाही. मुरादचा पाडला तर सुटते.

मी सांगितलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. विकणाऱ्याचं नाव काकांच्या वहीत होतं. तो माणूस आता हयात नाही.

मग मुलाने ट्रे स्वतःकडे ओढला. "ठीक आहे. घोरी आणि नादिरशहा मी घेऊन जातो, बाकीचं ताईला." त्याला थांबवावं लागलं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरातन वस्तू. ते देशाबाहेर न्यायची खासगी माणसाला परवानगीच नाही. वडिलांचं असलं तरी नाही.

तासभर हिशेब चालला. शेवटी नाणी खारघरला जायची आणि त्याच्या वाट्याची रक्कम ताईने हप्त्याने द्यायची असं ठरलं. काकूंनी चहा ठेवला. कप हातात घेऊन तो म्हणाला, "म्हणजे बाबांच्या ट्रेमधलं एकही नाणं माझ्याकडे राहणार नाही."

"मुराद नेता येईल," मी म्हटलं. "खोटा आहे, म्हणून."

काकूंना आधी हसू फुटलं, मग त्यालाही. फक्त विमानतळावर कस्टमवाल्याला तो खोटा आहे हे कसं पटवायचं? त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून ही पुरातन वस्तू नव्हे असा दाखला काढावा लागतो. अर्जासोबत दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, ते मी तिथेच खिडकीच्या उजेडात काढून दिले.