हुबळीत उतरायचं नव्हतं

ठरलं होतं चित्रदुर्ग. पुण्याहून म्हैसूरला दोन दिवसांत पोचायचं, पहिला मुक्काम किल्ल्याच्या पायथ्याशी. पहारेकऱ्याची बायको ओबव्वा, तिनं मुसळ घेऊन हैदर अलीचे सैनिक एकेक करून टिपले ती फट सकाळी थोरल्याला दाखवायची, मग पुढे. पुणे ते चित्रदुर्ग साडेसहाशे किलोमीटरच्या आत बसतं, म्हणजे नवऱ्याच्या हिशोबानं दहा तास. त्याच्या हिशोबात कधी कुणाला शू लागत नाही.

पाचला निघायचं म्हणून साडेसहाला निघालो. खंबाटकी चढून साताऱ्यापर्यंत बरं होतं. पुढे सहापदरीकरणाची कामं. दर थोड्या वेळानं हमरस्ता सोडून सेवारस्त्यावर उतरायचं, ट्रकच्या मागे रांगायचं आणि पुन्हा वर चढायचं. कोल्हापूर ओलांडेपर्यंत साडेअकरा वाजले. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात धाकटीनं सकाळची इडली परत केली, आईंच्या पदरावर. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 71, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. बेळगावात जेवण, साडीबदल आणि थोड्या आडव्या होण्यात तास गेला. कित्तूरची पाटी मागे पडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि चित्रदुर्ग अजून अडीचशेच्या घरात होतं.

गाडीत कुणी काही बोलत नव्हतं. शेवटी आईच म्हणाल्या, "अंधारात नको रे चालवूस." विषय संपला.

धारवाडजवळ हायवेलगत एक हॉटेल अ‍ॅपवर दिसलं. 'कुटुंबासाठी उत्तम', फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरी. पैसे आधी भरले नाहीत, एवढंच शहाणपण. प्रत्यक्षात खाली बार, वर खोल्या, जिना अरुंद, लिफ्ट नाही. बार असण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण खोलीची खिडकी बरोबर त्याच्या मागच्या दारावर उघडत होती. आपल्याकडे परमिट रूमच्या पाटीखाली 'फॅमिली रूम वेगळी' असं लिहिलेलं असतं, त्यातलाच हा प्रकार. आईंनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

मग हायवे सोडून जुन्या धारवाड-हुबळी रस्त्यानं शहरात शिरलो. रस्त्याच्या मधोमध 'चिगरी' बसची स्वतंत्र लेन आहे. चिगरी म्हणजे हरीण. आपण सिग्नलला उभे आणि शेजारून हरणं सुसाट, हे बघून थोरल्याची कळी खुलली. उणकल तलाव मागे टाकला आणि विद्यानगरात एका औषधाच्या दुकानासमोर थांबलो. धाकटीसाठी उलटीचं औषध हवंच होतं.

मुक्कामाची जागा शोधायची माझी पद्धत इथे सांगून टाकते. पानवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारलं तर ओळखीच्या लॉजचं नाव मिळायची शक्यता जास्त. औषध दुकानदाराला विचारावं. हातात लहान मूल आणि मागे म्हातारं माणूस बघून तो आपल्याला काय लागणार ते बरोबर ओळखतो. इथे तर मला विचारावंही लागलं नाही. आईंचं बालपण निपाणीचं. साठ वर्षं गंजत पडलेलं कानडी त्यांनी बाहेर काढलं, "छलो लॉज ऐतेन्री?" म्हणजे, चांगलं लॉज आहे का हो?

"ऐत्री," तो म्हणाला आणि लगेच मराठीत, "फॅमिली आहे ना? मग गोकुळ रोडला जा."

सांगितलेल्या लॉजच्या आवारात आधी गाड्या पाहिल्या. हीही माझी एक खोड. ट्रक आणि टेम्पो असतील तर पहाटे तीनपासून इंजिनं सुरू. इथे चार गाड्या होत्या, एकीच्या काचेवर कार्टूनचा पडदा, दुसरीच्या मागच्या काचेत उशी आणि वाळत घातलेला टॉवेल. म्हणजे आपलीच जात. आवाराला फाटक, रखवालदार, लिफ्ट. खोली बघायला मागितली तर काउंटरवरच्या माणसानं चटकन किल्ली दिली. जो खोली दाखवायला कां-कूं करतो तिथून मी सरळ निघते. कमोड होता, नळाला धार होती, न्हाणीघराची फरशी खरखरीत होती. आईंसाठी ती फरशी गादीपेक्षा महत्त्वाची. रस्त्याकडची खोली नाकारून मागची घेतली, एक जादा गादी मागितली. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. आणि चेकआउट 24 तासांचं! दुपारी बारालाच हाकलणाऱ्या हॉटेलांची सवय असलेल्या माणसाला याचं मोल विचारा. सगळ्या मोठ्यांची आधार कार्डं मात्र लागली, आणि आईंचं कार्ड डिकीतल्या सर्वांत खालच्या बॅगेत निघालं.

रात्री जवळच्याच खानावळीत गेलो. हा शब्द तिथे पाटीवर कानडी लिपीत असतो, पण उच्चार आपलाच. ज्वारीची कडक रोट्टी, एण्णेगायी म्हणजे तेलातली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. वाढणारा दर दोन मिनिटांनी आईंना काहीतरी विचारत होता आणि त्या अर्धं कानडी, अर्धं मराठीत उत्तर देत होत्या. दिवसभरात पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या. धाकटीनं नुसता दहीभात खाल्ला आणि ताटाशेजारीच झोपली.

सकाळी सहाला निघायचं, असं नवऱ्यानं झोपताना जाहीर केलं होतं. पण थोरल्यानं कुठूनतरी ऐकलं होतं की जगातला सर्वांत लांब रेल्वे प्लॅटफॉर्म हुबळीलाच आहे. खरंच आहे. 1507 मीटर, 2023 साली उद्घाटन झालं. त्याआधी हा मान गोरखपूरकडे होता. चित्रदुर्ग कालच हुकलं होतं, आता हेही नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्लॅटफॉर्म तिकिटं काढून आत शिरलो. आई एका बाकावर टेकल्या. थोरला पावलं मोजत निघाला, त्याच्यामागे मी, धाकटी माझ्या कडेवर. शेडची सावली संपली तरी प्लॅटफॉर्म संपेना. नवऱ्याचा फोन आला, "कुठवर गेलात? दावणगेरेचा बेण्णे दोसा आता जेवणालाच मिळणार."

"आठशे बारा," थोरला ओरडला, "मला बोलायला लावू नका!"

पण बोलला होताच. पुढचा आकडा विसरला आणि म्हणाला, "आई, परत पहिल्यापासून मोजूया."